हरभऱ्याची मर: पाकिटाआधी मातीतली वस्ती पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. काळी भारी जमीन, गेली पाच-सहा वर्षे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. मर, म्हणजे झाडे उभी वाळून जाण्याचा रोग, दरवर्षी थोडी थोडी पसरते आहे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी बुरशी) लावून झाला, रायझोबियम (हवेतले नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबीची (स्फुरद मोकळे करणारे जिवाणू) पाकिटे लावून झाली, शेण-गोमूत्राचे जिवामृतही सोडून झाले. फरक डोळ्यांना दिसत नाही. मग मातीतल्या सूक्ष्मजीवांचे हे सगळे खरोखर कामाचे आहे, की पैसे वाया चालले आहेत?

कामाचे आहे, आणि सध्या तुमचे पैसेही वाया चालले आहेत. मुळांभोवती हजारो जातींचे जिवाणू आणि बुरशी आधीपासून वस्ती करून असतात. पीक टिकते की मरते हे बरेचसे त्या वस्तीवर अवलंबून असते. ती वस्ती कशी घडेल हे तुम्ही कशानंतर कोणते पीक घेता, शेतात काय आणि केव्हा कुजते, जमीन किती महिने मोकळी पडते, यावर ठरते. पाकिटातून येतात ते या वस्तीतले थोडेसे नवे रहिवासी. त्यांना तिथे खायला आणि राहायला जागा नसेल तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात. म्हणून मी आधी वस्तीबद्दल बोलतो आणि पाकिटाबद्दल नंतर.

त्याही आधी एक तपासणी करा, कारण तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. शेतात आपण ज्याला सरसकट 'मर' म्हणतो ते निदान तीन वेगळे रोग असतात. मरणारे, पण अजून पूर्ण न वाळलेले झाड खुरप्याने मुळासकट काढा. जमिनीलगतचा खोडाचा भाग ब्लेडने उभा चिरा. आत मध्यभागी तपकिरी-काळी रेघ दिसली आणि मुळे बाहेरून बऱ्यापैकी ठीक दिसली, तर ती खरी मर, म्हणजे फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या हरभऱ्यावर जगणाऱ्या प्रकाराची. ही पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांतही येते आणि फुलोऱ्यात, घाटे भरतानाही येते. झाड उपटताना मूळ कडकन तुटले, बारीक तंतुमुळे गळून फक्त काळपट सोटमूळ उरले असेल, तर ती कोरडी मूळकूज. ऊन वाढले आणि ओल तुटली की ती जोर करते. आणि रोपावस्थेतच जमिनीलगत मान कुजली, तिथे पांढरा कापसासारखा तंतू आणि मोहरीच्या दाण्यासारख्या गोळ्या दिसल्या, तर ती स्क्लेरोशियम या बुरशीची मानकूज. तिला जास्त ओल, उबदार जमीन आणि अर्धकच्चा काडीकचरा आवडतो.

हे तीन रोग वेगवेगळ्या परिस्थितीत वाढतात, त्यामुळे एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालू शकतो. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली दहा-पंधरा झाडे चिरून पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून मला मुख्यतः फ्युजॅरियमची मर वाटते, सोबत थोडी मानकूजही असावी. पुढचे उत्तर त्या अंदाजाने लिहितो.

आता पाकीट का चालले नाही याचा हिशेब मांडू. बाजारातल्या ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅमला निदान वीस लाख जिवंत बीजाणू असावेत असे प्रमाण आहे. एकरी अडीच किलो भुकटी शेतात फेकली म्हणजे पाचशे कोटी बीजाणू झाले. आकडा मोठा वाटतो. पण एक एकरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचे वजन आठ लाख किलोच्या आसपास भरते. त्यात हे बीजाणू सारखे मिसळले तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला सहाच येतात. त्याच एका ग्रॅमात जिवाणू कोट्यवधींनी असतात, अब्जापर्यंतही जातात, आणि इतर बुरशांचे बीजाणू व तंतू हजारो-लाखोंनी. बाहेरून आलेल्या सहा जणांनी तिथे काय करावे?

तेच बीजप्रक्रियेत पाहा. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा लावला आणि किलोत साधारण पाच हजार दाणे धरले, तर प्रत्येक दाण्यावर दोन हजार बीजाणू बसतात, आणि तेही मूळ फुटणार त्याच जागी. रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्याला लावले आणि त्यात प्रमाणाप्रमाणे ग्रॅमला पाच कोटी जिवाणू असले, तर एका दाण्यावर अडीच लाख जिवाणू येतात. म्हणून मी बियाण्यावर लावायला सांगतो, किंवा शेणखतात वाढवून टाकायला सांगतो. कोरडी भुकटी शेतभर फेकण्यात माझा विश्वास नाही.

शेणखतात वाढवणे म्हणजे काय, तेही सांगतो. चांगल्या कुजलेल्या शंभर किलो शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळायचा, हलके पाणी शिंपडायचे, सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटाने झाकायचा, तीन-चार दिवसांनी एकदा वरखाली करायचा. दहा-पंधरा दिवसांत ढिगावर हिरवट साय धरते. अशी बुरशी शेतात जाते तेव्हा सोबत तिचे अन्न घेऊन जाते. तरीही एक मर्यादा लक्षात ठेवा. ट्रायकोडर्माला किंचित आम्ल माती मानवते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर असतो, तिथे तो जेमतेम वाढतो. अशा जमिनीत बॅसिलस आणि स्यूडोमोनास हे जिवाणू जास्त तग धरतात. म्हणून कृषी विद्यापीठांनी आपल्याच भागातल्या मातीतून वेगळे केलेले ट्रायकोडर्माचे वाण किंवा बुरशी-जिवाणूंची मिश्रणे मिळाली तर ती घ्यावीत, असे माझे मत आहे.

मातीतली वस्ती जमते मुळांभोवती. झाड दिवसभर पानात जी साखर बनवते तिच्यातला बराच भाग मुळांवाटे मातीत सोडते. साखरेबरोबर सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले आणि इतर कितीतरी पदार्थ असतात. लॉरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मुळाभोवतीच्या या पातळ थराला 'ऱ्हायझोस्फियर' हे नाव दिले. तो शेंगवर्गीय पिकांच्या गाठींवरच काम करत होता. या थरातली जिवाणूंची संख्या बाजूच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. प्रत्येक पिकाचा स्राव वेगळा, म्हणून प्रत्येक पीक आपल्याभोवती वेगळे सोबती गोळा करते. काही सोबती हवेतले नत्र देतात, काही स्फुरद मोकळे करतात, काही झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी करून ठेवतात. आणि काही त्या स्रावाच्या वासाने जाग्या होणाऱ्या रोगकारक बुरशा असतात. हरभऱ्याच्या फ्युजॅरियमचे तसेच आहे. त्याचे जाड सालीचे बीजाणू मातीत निपचित पडून असतात आणि हरभऱ्याचे मूळ जवळ आले की उगवतात.

उगवून मुळात शिरेपर्यंतच्या त्या थोड्या अवधीतच सगळी लढाई होते. बीजाणूला उगवायला साखर लागते, लोह लागते. शेजारी भरपूर भुकेले जीव असतील तर ती साखर त्याच्या वाट्याला येत नाही. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोरनार नावाच्या गावची माती यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे खरबुजावर मर आणणारे फ्युजॅरियम मातीत असूनही मर फारशी येत नसे. संशोधकांनी ती माती वाफेने तापवली तेव्हा तिचा हा गुण गेला. तापवलेल्या मातीत मूळची थोडीशी माती मिसळली तेव्हा तो परत आला. म्हणजे गुण त्या मातीतल्या जिवंत वस्तीचा होता. पुढे कळले की तिथे फ्युजॅरियमचेच निरुपद्रवी भाऊबंद मोठ्या संख्येने राहतात आणि रोगकारक भावाचे अन्न आधीच संपवतात. सोबतचे स्यूडोमोनास जिवाणू लोह ओढून घेणारे पदार्थ सोडतात आणि बुरशीला लोहाची टंचाई करतात.

२०११ मध्ये नेदरलँड्समधल्या शुगरबीटच्या मातीवर असाच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रायझोक्टोनिया या बुरशीला दाबणाऱ्या त्या मातीत मुळांभोवती जिवाणूंचे तेहतीस हजारांहून जास्त प्रकार सापडले. रोग दाबणारी माती आणि न दाबणारी माती यांत फरक होता तो कोणाचे प्रमाण किती आहे याचा. नवा चमत्कारी जीव कोणताच नव्हता. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या शेतातही रोगाला अडवणारे जीव आज आहेत. ते अल्पसंख्य झाले आहेत, कारण गेली काही वर्षे शेतात घडलेले सगळे रोगाच्या बाजूने गेले.

हे मी कशावरून म्हणतो? हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हरभऱ्याच्या वाणांची रोगप्रतिकारक्षमता तपासायला मुद्दाम रोगट प्लॉट तयार करतात. त्याची पद्धत सरळ आहे: रोगाला बळी पडणारा हरभरा त्याच जागी पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि मेलेल्या झाडांचे अवशेष त्याच मातीत गाडायचे. काही हंगामांत जमीन इतकी रोगट होते की संवेदनशील वाणाचे एक झाड उरत नाही. दरवर्षी हरभऱ्यावर हरभरा घेऊन मेलेली झाडे तिथेच वखरून टाकणारा शेतकरी नकळत हेच करत असतो. तिथल्याच संशोधकांनी दाखवले आहे की हरभरा अजिबात न घेतलेल्या जमिनीतही ही बुरशी सहा वर्षांपर्यंत जिवंत राहते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मसूर, वाटाणा आणि तूर यांच्या मुळांत ही बुरशी कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकते. म्हणून हरभऱ्याच्या जागी एक वर्ष तूर घेतली आणि फेरपालट झाली असे समजलात, तर फसगत होईल.

मग कोणते पीक घ्यावे? फ्युजॅरियमच्या मरीसाठी माझी पहिली पसंती रब्बी ज्वारीला आहे, मग करडई आणि जवसाला. करडईलाही मर येते, पण तिची बुरशी त्याच जातीचा वेगळा प्रकार आहे, ती हरभऱ्यावर चालत नाही. ज्वारीची तंतुमुळे मातीत दाट पसरतात आणि मागे भरपूर मुळांचा काडीकचरा सोडतात. तुरीच्या मरीबाबत तर पटनचेरूलाच १९८० च्या दशकात दिसले की तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतले की मरीचे प्रमाण घटते. मराठवाड्यात, विदर्भात आपले आजे-पणजे तूर-ज्वारी मिश्र पेरत होते त्यात पोटापाण्याबरोबर हाही फायदा होता. सोयाबीनच्या भावाने ज्वारीचे क्षेत्र गिळले, त्याची एक किंमत आपण मातीत मोजतो आहोत.

इथे सुरुवातीच्या तपासणीचे महत्त्व कळेल. तुमच्याकडे फ्युजॅरियम नसून कोरडी मूळकूज निघाली, तर ज्वारी हा उपाय नाही. तीच बुरशी रब्बी ज्वारीवर खडखड्या नावाचा रोग आणते, आणि सोयाबीनलाही सोडत नाही. तिथे ओलीचे नियोजन हाच खरा उपाय. फुलोऱ्यापासून पुढे झाडाला ताण पडू द्यायचा नाही, जमले तर तुषारने एक हलके पाणी द्यायचे आणि लवकर पक्व होणारा वाण घ्यायचा.

पूर्ण क्षेत्रात हरभरा सोडणे परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. शेताचे तीन भाग करा आणि दरवर्षी एका भागात हरभऱ्याऐवजी ज्वारी किंवा करडई घ्या. सर्वात वाईट मर असलेला भाग आधी निवडा. तीन वर्षांत एकदा प्रत्येक तुकड्याला मोकळीक मिळते. सहा वर्षे टिकणारी बुरशी याने संपणार नाही. पण दर वर्षी तिला नवे अन्न मिळणे थांबते, आणि मधल्या काळात तिचे जुने बीजाणू इतर जीव खातात, कुजवतात. तुम्हाला बुरशी नाहीशी करायची नसून तिची संख्या झाडाला झेपेल इतकी खाली आणायची आहे.

वस्तीच्या अन्नाचा विषय मात्र जरा सावकाश समजून घ्या, कारण चुका इथेच जास्त होतात. आपल्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर कमी समजतात, आणि कोरडवाहू भागातल्या कितीतरी जमिनी त्याच पातळीत आहेत. कर्ब म्हणजे या जिवांचा शिधा. पण 'सेंद्रिय' म्हणून जे टाकाल ते सगळे चांगलेच असे नाही. सोयाबीन काढल्यावर कुटार, धसकटे आणि हिरवे तण जमिनीत वखरून आठवड्यात हरभरा पेरला, तर तो कच्चा काडीकचरा मानकुजीच्या बुरशीला आयते जेवण ठरतो. ती कच्च्या पदार्थावर झपाट्याने वाढते आणि तिथून कोवळ्या रोपावर चढते. शिवाय गव्हाच्या काडासारखा कर्ब जास्त आणि नत्र कमी असलेला पदार्थ कुजवताना जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पीक पिवळे पडते.

म्हणून क्रम असा ठेवा. सोयाबीनचे कुटार मळणीच्या जागी जाळायचे नाही आणि कच्चे पसरायचेही नाही. बांधाच्या कडेला शेणकाल्यासोबत थर देऊन ढीग करा, ओल राखा, दोन-तीन वेळा पालथा करा. ढीग नीट तापला, आत पंचावन्न-साठ अंशांपर्यंत गेला, तर रोगाचे बरेच बीजाणूही त्यात मरतात. हे खत पुढच्या उन्हाळ्यात, मेच्या अखेरीस, खरिपाच्या तयारीत शेतात घाला. पाऊस पडला की वस्ती वाढते, आणि हरभरा पेरेपर्यंत चार महिन्यांत अन्न पचून स्थिर होते. हरभऱ्याच्या तोंडावर टाकायचेच असेल तर फक्त पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे खत टाका. एकरी दोन-अडीच टन दरवर्षी मिळाले तरी मी समाधानी असतो. तेही सगळ्यांकडे नसते, तेव्हा खरिपात एखाद्या तुकड्यात ताग घेऊन फुलोऱ्याआधी गाडणे हा मार्ग आहे, मात्र गाडणे आणि पेरणी यांत पुरेसे आठवडे जायला हवेत.

मर झालेल्या हरभऱ्याचे भुसकट जनावरांना घालता ना? घाला, पण गोठ्यातले उष्टे भुसकट ओल्या शेणासोबत थेट शेतात जाऊ देऊ नका. बरीच रोगट माती आपणच उकिरड्यावाटे एका तुकड्यातून दुसऱ्यात नेतो.

जमीन मोकळी पडण्याबद्दलही दोन शब्द. पिकांच्या मुळांत राहणारी मायकोरायझा नावाची बुरशी झाडाकडून साखर घेते आणि तिचे बारीक तंतू मुळांना पोहोचता येत नाही तिथून स्फुरद आणि जस्त आणून देतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाऊन्स भागात आपल्यासारखीच भारी काळी जमीन आहे. तिथे जमीन वर्षभराहून जास्त मोकळी ठेवली की पुढचे पीक खुरटते, हे शेतकऱ्यांना जुने ठाऊक होते. त्याचे कारण १९८० च्या दशकात उलगडले: मोकळ्या जमिनीत मायकोरायझा घटते आणि पिकाला स्फुरद मिळत नाही. आपल्याकडे इतकी लांब पडीक सहसा नसते, पण फेब्रुवारी ते जून उघडी तापणारी जमीन आपल्यालाही काही प्रमाणात तोच त्रास देते. कोबी, मोहरी, पालक यांच्या मुळांत ही बुरशी बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि दरवर्षी सवयीने डीएपी हे स्फुरदाचे खत ओतून माती परीक्षणात स्फुरद भरपूर दिसत असेल, तर झाडालाच या बुरशीची गरज उरत नाही आणि ते तिला साखर देणे कमी करते. मायकोरायझाची महागडी पाकिटे मी रोपवाटिकेला, डाळिंबाच्या किंवा फळझाडांच्या रोपांना सुचवतो. एकरांनी पसरलेल्या हरभऱ्यात तोच पैसा शेणखतात घालावा.

उन्हाळ्यात खोल नांगरटीचे काय, असे तुम्ही विचाराल. मरीचे आणि मानकुजीचे अवशेष वर येऊन उन्हात तापतात, हा फायदा खरा आहे. पण दरवर्षी खोल नांगरून ढेकळे तापवली की मायकोरायझाचे तंतूजाळे तुटते आणि कर्बही जळतो. रोग फार असलेल्या तुकड्यात तीन वर्षांतून एकदा नांगरट आणि एरवी वखरणी, एवढे पुरे.

आता रायझोबियम. हा पाकिटातला एकच जीव असा आहे की ज्याच्याबद्दल मी निःशंकपणे 'लावा' म्हणतो, पण नीट समजून. सोयाबीनच्या गाठी करणारा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला लावून गाठी येत नाहीत, तेव्हा पाकिटावर पिकाचे नाव वाचा. सोयाबीन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते १९७० नंतरच्या दशकांत, त्यामुळे त्याचा जिवाणू जमिनीत मुळात नव्हता आणि सुरुवातीला पाकिटाने मोठा फरक पडला. हरभरा आपल्याकडे पूर्वापार आहे, त्याचे जिवाणू बहुतेक जमिनींत आहेत. म्हणून तुमच्यासारख्या जुन्या हरभऱ्याच्या शेतात फरक लहान असतो. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत, जिथे पावसाळाभर पाणी साचलेले असते, तिथे मात्र हा जिवाणू घटलेला असतो आणि पाकीट चांगले काम देते.

गरज आहे की नाही हे स्वतः पाहता येते. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी दहा झाडे कुदळीने मातीच्या गोळ्यासकट काढा, उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. गोळा बादलीत भिजवा, मुळे अलगद धुवा, गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर नत्र बांधण्याचे काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम नाही. सोटमुळावर गुलाबी गाठींचे झुबके असतील तर पिकाच्या गरजेचे निम्म्याहून जास्त नत्र हवेतून येते आहे. अशा शेतात पीक पिवळे वाटले म्हणून युरिया फेकू नका. मातीत फुकटचे नत्र मिळाले की झाड गाठी करण्यावर साखर खर्च करत नाही. पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो नत्राची शिफारस आहे, त्याहून जास्त देण्याचे कारण नाही.

बीजप्रक्रियेत क्रम चुकला तर सगळे व्यर्थ जाते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा लावणे म्हणजे त्याला मारण्यासाठीच लावणे. दोन्हींपैकी एक निवडा. मरीचा इतिहास असेल आणि बियाणे खात्रीचे नसेल तर रासायनिक बुरशीनाशक आधी लावा, ते वाळू द्या आणि अगदी शेवटी, पेरणीच्या आधी काही तास, रायझोबियम व पीएसबी थोडे जास्त प्रमाणात लावा. बियाणे खात्रीचे असेल तर ट्रायकोडर्मा आणि मग जिवाणू. वाळवणे सावलीतच. जीपच्या टपावर उन्हात तापलेले पाकीट किंवा काचेच्या शोकेसमध्ये उन्हाळा काढलेली बाटली घेऊ नका. उत्पादन आणि वापराची मुदत दोन्ही तारखा पाहा. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे पाकिटावर जिवाणूचे नाव आणि संख्या छापलेली असावी लागते. ती नसलेला 'सर्वगुणसंपन्न' माल परत करा.

जिवामृताबद्दल माझे मत विचाराल तर ते टाकाऊ नाही. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांतून वस्तीला पटकन पचणारे थोडे अन्न मिळते आणि तात्पुरती हालचाल वाढते. पण एकरी दोनशे लिटरमध्ये बेसन आणि गूळ मिळून चारच किलो असतात. त्याने कर्ब वाढत नाही, आणि चार दिवसांत ते अन्न संपते. मातीत आधीपासून कुजलेले खत असेल, तर जिवामृत त्याच्या जोडीला शोभते. नुसत्या उघड्या, भुकेल्या जमिनीवर त्याच्याकडून मर थांबण्याची अपेक्षा करू नका.

आणि वाण. सूक्ष्मजीवांवर इतके बोलूनही मी सांगेन की या हंगामात सर्वात जास्त फरक प्रतिकारक्षम वाणानेच पडेल. विजय, दिग्विजय, विशाल, जॅकी ९२१८, फुले विक्रम हे मरीला बऱ्यापैकी तोंड देणारे वाण आपल्याकडे रुळले आहेत. तुमच्या घरचे बियाणे किती वर्षांचे आहे ते पाहा. वर्षानुवर्षे घरचेच वापरले तर भेसळ होते आणि मर बियाण्यातूनही येते. पाणी असेल तर पेरणीची घाई करू नका. फ्युजॅरियमला पंचवीस ते तीस अंशांची उबदार माती मानवते, म्हणून बागायती हरभरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर, थंडी धरू लागल्यावर पेरा. कोरडवाहूला ओल जाण्याची भीती असल्याने ही सवलत नसते, तिथे वाणावर आणि फेरपालटीवरच भर द्या. पाणी साचणाऱ्या भागात रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली तर मानकूज स्पष्ट कमी होते.

शेवटी, काय चालले आणि काय नाही हे पुढच्या वर्षी मला किंवा दुकानदाराला विचारावे लागू नये म्हणून शेतातच सोय करा. पेरताना मधोमध सहा ओळींचा एक पट्टा काहीही न लावता सोडा, शेजारी फक्त ट्रायकोडर्माचा, त्यापलीकडे फक्त रायझोबियमचा. कोपऱ्यांवर काठ्या रोवा. न लावलेले बियाणे आधी पेरा, म्हणजे पेरणीयंत्रातल्या लावलेल्या बियाण्याची भेसळ होणार नाही. प्रत्येक पट्ट्यात दहा-दहा मीटरच्या दोन ओळी ठरवून पंचवीस दिवसांनी एकूण झाडे आणि मेलेली झाडे मोजा, मग घाटे भरताना पुन्हा मोजा, आणि मळणीत पट्टे वेगळे तोला. शेताच्या नकाशावर जिथे मर जास्त निघाली तिथे खूण करा, पुढच्या रब्बीची ज्वारी तिथूनच सुरू करायची. त्या खुणेच्या आतल्या हरभऱ्याचे बियाणे ठेवू नका, डाळीला घाला.